नखाएवढं यकृत

छबूबाईंचं आज तेरावं होतं, पण त्यांचं यकृत दवाखान्यात अजून काम करत होतं. एचआयव्हीच्या प्रत्येक पेशंटच्या पेशींपासून तिथे काचेच्या वाटीत नखाएवढं यकृत वाढवत आणि गोळ्या बदलायच्या झाल्या की आधी त्याला देत. त्याला सोसल्या, तरच माणसाला.

घरी गोडाचा स्वयंपाक चालला होता, तरी हिंदुराव आपल्या गोळ्या न्यायला आलेच. तारीख चुकवायची नाही, ही बायकोचीच शिस्त.

"काका, काकूंची वाटी बंद करू?" तस्लीम सिस्टरने हळूच विचारलं. "की नव्या औषधांच्या तपासणीला ठेवू? दुसऱ्या कुणाचं यकृत वाचेल."

"तिला त्रास होईल का गं?"

"नाही काका. त्याला काही कळत नाही."

हिंदुराव वाटीजवळ वाकले. "दुखणं मी आणलं घरात. तेवीस वर्षं गोळ्या गिळल्या तिनं, पण मला एका शब्दानं बोलली नाही. ठेव. दुसऱ्यांसाठी म्हटल्यावर ती नाही म्हणायची नाही. फक्त आज गोळी नको, पोरी. आज तिला गोड दे."

तस्लीमने ड्रॉपरमध्ये साखरपाणी भरलं आणि तो त्यांच्याच हातात दिला.