ब्रिंकहोफांची खुंटी

ऑस्ट्रेलियाहून जर्मनीत, वेस्टफालियातल्या आमच्या शेतावर आलेला लायल ब्रिंकहोफ कॉफीला हातही लावेना. "काका, डीएनएचा निकाल आलाय. आडनाव एक, पण रक्त जुळत नाही," तो माझ्या नवऱ्याला म्हणाला, आणि पूर्वजांच्या घरी ठेवायला आणलेली वडिलांची टोपी उचलून निघाला. मी कपाळावर हात मारला. "अरे, लाळ यांची तपासलीस? हे जन्माचे टिमरमान! लग्न करून माझ्या शेतावर आले म्हणून ब्रिंकहोफ झाले. आमच्याकडे आडनाव शेताचं असतं, लायल. मला विचारलंस का?" "पाटीवर काकांचंच नाव होतं..." "मग आता माझी लाळ घे." तो हसला, मग हळूच म्हणाला, "तुमचंही नाही जुळलं तर?" नवऱ्याने दाराजवळच्या खुंटीवरून स्वतःची टोपी काढली. "लग्नाच्या दिवशी सासऱ्यांनी आपली टोपी काढून ही खुंटी मला दिली. तेव्हापासून मी ब्रिंकहोफ. अडकव तुझ्या बाबांची."