अप्पांचा पत्ता

“काकू, हे ‘अप्पा’ काय आहे?” जुना राउटर काढण्याआधी इंटरनेटवाला सादिक त्यातली माहिती नव्यात उतरवून घेत होता.

“ह्यांचा कॉम्प्युटर. मोबाइलवर ‘अप्पा’ लिहिलं की त्यातले फोटो उघडायचे. हे गेले आणि मुलानं तो भंगारात दिला.”

“राउटरला ते कुणी सांगितलंच नाही.” सादिक हसला. “नाव विचारलं की तो अजून त्याचाच पत्ता देतोय. तिथं आता कुणी नाही. नव्यात हे नाव घालत नाही मग.”

“घाल!” काकूंचा आवाज चढला. “रोज चहा झाला की मी मोबाइलवर ‘अप्पा’ लिहून विचारते. नाव ठाऊक नसलं तर राउटर लगेच नाही म्हणतो. ह्यांना तसं म्हणत नाही. पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहतं. निघालेत, वाटेत आहेत, असं वाटतं.”

सादिकनं नव्या राउटरमध्ये नाव घातलं, पुढे तोच जुना पत्ता. मग नीट बसलंय का बघायला काकूंच्या मोबाइलवर ‘अप्पा’ लिहिलं.

चक्र फिरू लागलं.

काकू उठल्या आणि त्यांनी दाराची कडी काढून ठेवली.