भिंतीवरचे तीन डाग

मुईच्या चपला फेरीबोटीच्या धक्क्यावर सापडल्या, तेव्हा त्या ओळखायला तिचा नवरा हुआत याच्याबरोबर त्याची सासूही आली होती. तिने चपला पाहिल्या आणि म्हणाली, "तिच्याच." शरीर मिळालं नाही. पिनांगच्या समुद्रात ओढ फार, असं पोलीस म्हणाले.

सातव्या दिवशी आत्मा घरी येतो म्हणून हुआतने जमिनीवर पीठ पसरलं. पाऊल उमटलं नाही. मग तिसऱ्या आठवड्यात झोपायच्या खोलीतली भिंत ओली झाली. तीन डाग, मुईच्या डोक्याच्या उंचीला. त्यांतून पाणी ओघळायचं.

पुसलं की तासाभरात पुन्हा.

हुआत बाहेरच्या खोलीत, दिवा लावून झोपू लागला. शेवटी त्याने आरुमुगमला बोलावलं. जुन्या घरांच्या भिंती बघण्यात त्याचे केस पिकले होते.

"अण्णा, बुडालेलं माणूस ओलंच परत येतं म्हणतात."

"शेठ, भुतांनी भिंती ओल्या केल्या असत्या तर मी उपाशी मेलो असतो," आरुमुगम हसला. "ओल चार वाटांनी येते. छपरातून, नळातून, जमिनीतून, हवेतून. पाचवी वाट मला अजून भेटली नाही."

छप्पर कोरडं होतं. त्या भिंतीत नळ नव्हता. जमिनीतून ओल चढली की गिलाव्यावर मीठ फुटतं. आरुमुगमने खालचा गिलावा नखाने खरवडून जिभेवर ठेवला. खारट नव्हता.

"ही तीन ठिगळं कसली? बाकी भिंत चुन्याची, एवढंच सिमेंट."

"कपाट सरकवताना पोचे पडले. मीच बुजवले."

"तीनदा? बुटकं असणार कपाट." त्याने एका ठिगळावर चांदीचा कागद ठेवला आणि चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या. "उद्यापर्यंत हात लावू नका. पाणी कागदाच्या मागे आलं तर भिंतीतलं. पुढे आलं तर हवेतलं."

हुआत रात्रभर त्या खोलीकडे फिरकला नाही.

सकाळी कागदावर थेंब डवरले होते. आरुमुगमने तो सोलून काढला. मागची बाजू कोरडी ठणठणीत.

"झालं. हवेतलं पाणी थंड भिंतीवर बसतंय, बर्फाच्या ग्लासावर बसतं तसं. चुना ते पिऊन टाकतो, सिमेंटवर थेंब दिसतात. म्हणून तीन डाग."

"भिंत थंड कशाने?"

आरुमुगमने तळहात टेकवला. "पलीकडे कोण राहतं?"

"सासू. एकटीच."

"एसी लावलाय?"

"ती?" हुआतला कित्येक दिवसांनी हसू आलं. "पंखासुद्धा पाहुणा आल्यावर लावते. आणि आता तर मला घरात घेत नाही. दारातूनच बोलते. एकुलती एक मुलगी गेली, डोकं फिरलंय बिचारीचं."

"मी बघून येतो."

हुआत खुर्चीत बसून राहिला. पाच मिनिटांचं काम, पण अर्धा तास झाला. डागांतून पाणी ओघळत होतं. त्याने खुर्ची फिरवली. मग भिंतीकडे पाठ करवेना, म्हणून पुन्हा सरळ केली.

आरुमुगम परत आला तो उंबऱ्याबाहेरच थांबला. चेहरा उतरलेला.

"एसी आहे ना, अण्णा?"

"नाही. पलीकडे काही नाही. खोली उकडतेय, भिंत कोरडी आहे."

"मग?"

"मला विचारू नका." तो एकदाही हुआतकडे बघत नव्हता. "तुमच्याकडून पैसे नकोत. शेठ, आजच हे घर सोडा. ती पाचवी वाट आहे."

दुपारच्या बसने हुआत जोहोरला भावाकडे निघाला. पेटी भरायलाही तो त्या खोलीत गेला नाही. अंगावरच्या कपड्यांनिशी गेला.

बस सुटेपर्यंत आरुमुगम स्टँडवर उभा होता. मग तो परत आला आणि शेजारचं दार हळूच वाजवलं.

दार किलकिलं झालं. आतून गार हवा आली.

"गेला, आजी," तो म्हणाला. "आता खिडक्या उघडा. किती दिवस कोंडून घेणार?"

"आठच दिवस," म्हातारी म्हणाली. "मग माझ्या बहिणीकडे इपोला पाठवते. मुईच्या हाताचं प्लास्टर काढायचं तेवढं राहिलंय."