पुढच्या महिन्यात

नवरा पडला बुकबाइंडर. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली एक जाडजूड रहस्यकादंबरी त्याने उसवली, तिचे पातळ पातळ भाग शिवले आणि महिन्याला एकच भाग घरी आणायचा असं परस्पर ठरवून टाकलं. म्हणे, त्या काळी लोक कादंबऱ्या अशाच वाचायचे! जेवणं झाली की तो मोठ्याने वाचायला बसे, आणि कादंबरीत कुणी दाराची कडी वाजवली की नेमका तिथेच भाग संपे. बायकोच्या जिवाची नुसती तगमग.

"अहो, खुनी कोण तेवढं सांगा ना!"

"पुढच्या महिन्यात."

मग महिनाभर ती चहा गाळताना कादंबरीतल्या डॉक्टरवर संशय घेई, डबा द्यायला दुकानात गेली की डॉक्टरवर संशय घेई, आणि हा बाबा खळ ढवळत मुद्दाम डॉक्टरची बाजू घेई.

आज शेवटचा भाग यायचा, तर स्वारी हात हलवत घरी.

"शेवटची पानंच नाहीत. पुस्तक दुकानात आलं तेव्हाच नव्हती."

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं? मग वर्षभर मला झुलवत कशाला ठेवलंत?"

तो चप्पल काढत खाली बघून म्हणाला, "लेकीचं लग्न झाल्यापासून 'पान वाढलंय' यापलीकडे तू माझ्याशी बोलतच नव्हतीस."

तिने पाण्याचा पेला त्याच्यापुढे आदळला, तरातरा आत गेली आणि तशीच फणकाऱ्याने परत आली.

"तरी सांगते, खून डॉक्टरनेच केलाय!"