विनीबाईंचा गॅस

फिटरने घर तापवणाऱ्या बॉयलरवर लाल चिठ्ठी चिकटवली आणि गॅसचा कॉक बंद केला. "हा आता पेटवायचा नाही, आजोबा. विषारी वायू घरात येतोय."

"मग दुरुस्त कर की."

"याचे भाग आता मिळत नाहीत. नवा घ्यावा लागेल. बॉयलर चौदाशे पौंडांचा. बसवायची मजुरी, धुराची नळी, जुने पाइप धुणं, सगळं मिळून तीन हजार धरा. आणि थंडीत महिन्याला दीडशेचं बिल येईल, ते वेगळंच."

डेझमंड क्रॅब्ट्रीने त्याला चहा पाजला, तपासणीचे पैसे दिले आणि दारापर्यंत सोडलं. उमेदीची सगळी वर्षं इंग्लंडातल्या बर्नलीच्या बस डेपोत इंजिनं दुरुस्त करण्यात गेलेला माणूस. पेन्शनीत दोघांचं जेवणखाण जेमतेम भागायचं. त्यात बायकोचं, नोरीनचं, छातीचं जुनं दुखणं. त्याचा धाकटा भाऊ पैसे उसने द्यायला तयार होता. डेझमंडने त्याला फोनवरच झापलं. आजवर कुणाचं देणं ठेवलं नाही, ते काय म्हातारपणी ठेवायचं?

"लहानपणी आमच्या घरात कुठे होता बॉयलर?" तो नोरीनला म्हणाला. "मेलो का आम्ही?"

"दोघं मेली की तुमच्यातली," नोरीन म्हणाली आणि भांडी विसळायला गेली.

पण हिवाळा आला आणि डेझमंडचंच खरं ठरलं. घर म्हणावं तेवढं गारठलं नाही. आंघोळीचं पाणी किटलीत तापवावं लागे, एवढंच. नोरीनने हट्टाने पलंग सरकवून शेजारच्या घराशी सामाईक असलेल्या भिंतीला लावून घेतला होता. त्या खोलीत रात्री एका स्वेटरवर निभत असे. तिचा खोकलाही आटोक्यात राहिला. डेझमंड पबमध्ये छाती पुढे काढून सांगायचा, "जुन्या विटांची बांधणी आहे. ऊब धरून ठेवते. उगाच तीन हजार घालवले असते."

भिंतीपलीकडे विनीबाई होलरॉइड राहायच्या. वय शहाऐंशी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात एकट्या. त्यांनी त्याच पानगळीत नवा बॉयलर बसवून घेतला होता. मागच्या अंगणात त्यांच्या नळीतून दिवसभर पांढरी वाफ निघायची. डेझमंडला ते बघवत नसे.

"काय हो विनीबाई, एकट्या जिवाला एवढी ऊब? लॉटरी लागली की काय?"

"लागली ना. तुला कशाला सांगू? मागायला येशील."

"मी? आणि मागायला?"

"नाही रे बाबा. तू कसला मागतोस," असं म्हणून विनीबाई दोरीवरचे कपडे गोळा करायच्या आणि आत जायच्या.

दोन हिवाळे असेच गेले. तिसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीच्या शेवटी, विनीबाई गेल्या. न्यूमोनिया झाला होता. लीड्सहून त्यांची गेल नावाची मुलगी आली. तिने अंत्यविधी उरकला, घरातला गॅस बंद केला आणि किल्ली घेऊन परत गेली.

त्याच आठवड्यात क्रॅब्ट्रींच्या खिडक्यांवर आतून बर्फ धरला. भिंतीला हात लावला की चटका बसावा तशी ती गार. डेझमंडने घरातले सगळे कोट नोरीनच्या अंगावर घातले, बिल थकेल याचा विचार न करता विजेचा हीटर रात्रंदिवस चालू ठेवला. तरी तिची धाप थांबेना. शेवटी अ‍ॅम्ब्युलन्स बोलवावी लागली.

गेल घर आवरायला पुन्हा आली, तेव्हा तिने अंगणाच्या भिंतीवरून हाक मारली. एक पलंग उचलायला हात हवा होता. डेझमंड गेला. पलंग स्वयंपाकघरात होता, ओव्हनला चिकटून. अरुंद, घडीचा. त्यावर ब्लँकेटांची चळत आणि लोकरीची टोपी.

"विनीबाई इथे झोपायच्या?"

"दोन वर्षं. ओव्हन थोडा वेळ लावायची, तेवढ्यावर रात्र काढायची."

"आणि तो बॉयलर?"

"तो होता ना! अंत्यविधीसाठी साठवलेले पैसे घातले त्यात," गेल म्हणाली. "पण खोल्या तापवणारे रेडिएटर घरात दोनच चालू. एक वरच्या खोलीत, एक पुढच्या. तिथे कुणी बसायचं नाही की झोपायचं नाही. फिटर म्हणाला होता, खिडकीखाली लावू. हिने दोन्ही तुमच्या बाजूच्या भिंतीला लावून घेतले. मी किती भांडले. तर म्हणायची, तू नको त्यात पडूस."

डेझमंडने पलंगाची एक बाजू उचलली. ती खाली ठेवून तो पुढच्या खोलीत गेला आणि भिंतीवरचा गार रेडिएटर त्याने हाताने चाचपला.

संध्याकाळी तो दवाखान्यात गेला. नोरीनच्या नाकाला प्राणवायूची नळी होती. त्याने तिला सगळं सांगितलं. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता.

"एका शब्दाने बोलल्या असत्या," तो म्हणाला. "एका शब्दाने बोलल्या असत्या तर मी..."

"माझ्याशी बोलल्या होत्या." नोरीन दम घ्यायला थांबली. "फिटर येऊन गेला त्याच आठवड्यात पैसे घेऊन दारात आल्या होत्या. म्हणाल्या, तुमच्या घरात नवा बसवा. त्यांच्या नवऱ्याच्या आजारपणात मी उशाशी बसायचे ना, ते मनात धरून होत्या."

"मग?"

"त्या स्वयंपाकघरात निजतात हे नव्हतं रे मला ठाऊक." तिने डोळे मिटले. "मीच त्यांना म्हटलं, तो हातात घेणार नाही. भिंतीतून द्या."