दुसरं टिंब

"आज कागद घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही," बापाने सांगितलं आणि शोरूमच्या खुर्चीत असं ठाण मांडलं, जणू गाडीच्या आधी ती खुर्चीच त्याच्या नावावर व्हायची होती.

टेबलापलीकडचा टायवाला हसला. तीन आठवडे हा माणूस असाच हसत होता. सोमवारी गेलं की गुरुवारी या म्हणायचा, गुरुवारी गेलं की सोमवारी. मधे साहेब रजेवर, मग सिस्टीम बंद, मग 'फाइल परत आलीय, बघतो'. काय बघत होता देव जाणे.

काचेपलीकडे आवारात गाडी उभी होती. पांढरी, बिननंबराची. नोंदणी झाल्याशिवाय तिचं चाक फाटकाबाहेर जाऊ द्यायचं नाही, असा नियम. दर खेपेला बाप तिच्यात जाऊन बसायचा, सीट पुढे घ्यायचा, आरसा नीट करायचा आणि पाच मिनिटांनी गुपचूप उतरायचा. चौतीस वर्षं बस चालवलेला माणूस. स्वतःची गाडी आत्ता कुठे, तीही लेकीने घेऊन दिलेली. आणि त्याचं लायसन्स परवा संपत होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, यापुढे दाखला मिळणार नाही. आज फाइल गेली तर उद्या संध्याकाळी नंबर येणार होता. म्हणजे हातात उरला परवाचा एक दिवस. आपली गाडी एकदा तरी आपण चालवायची, एवढंच त्याला हवं होतं.

शेजारी बसलेली लेक पर्सचा बंद ओढत होती. नेमकं अडलंय कुठे ते तरी सांगा, असं तिने तिसऱ्यांदा विचारलं. टायवाल्याने घड्याळाकडे पाहिलं. नोंदणी कार्यालयात फाइली नेणारा माणूस हेल्मेट काखेत मारून दारात उभा होता, आणि तिथली खिडकी चारला बंद व्हायची. मग एकदाची त्याने फाइल उघडली आणि दोन कागद त्यांच्याकडे वळवले.

"सही जुळत नाही, काका. दोनदा फाइल परत आली त्याच्यापायी. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

नोंदणीच्या अर्जावरची सही बापाने याच टेबलावर केली होती. आजारपणानंतर त्याचा हात कापायचा. अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडली होती, खाली वाकडी रेघ, रेघेखाली एक टिंब. दुसरी सही बुकिंगच्या फॉर्मवर होती. ठसठशीत, तिरकी, एका झटक्यात मारलेली. खाली सरळ रेघ आणि दोन टिंबं.

"ही बघा कशी झोकात केलीय," टायवाला म्हणाला. "तशीच एक इथे हवी."

बापाने चष्मा कपाळावर सरकवून बुकिंगचा फॉर्म नाकापाशी नेला. सही त्याचीच, ऐन उमेदीतली. फक्त टिंब तो उभ्या आयुष्यात एकच देत आला होता. आणि बुकिंगच्या दिवशी तो घरी पलंगावर पडून होता. गाडी घेतल्याचं त्याला कळलं ते दुसऱ्या दिवशी, लेकीने पावती हातात ठेवली तेव्हा.

त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. चाळिशीची बाई, दोन पोरांची आई, स्वतः शाळेत शिकवणारी, आणि कानाच्या पाळ्या लालबुंद.

"नाही जमली तर?" त्याने टायवाल्याला विचारलं.

तर बुकिंगपासून सगळे कागद नवे. पंधरा दिवस धरून चाला, टायवाला म्हणाला. ते 'धरून चाला' त्याने इतक्या सहज म्हटलं, की लेकीला त्याचा टाय धरून ओढावासा वाटला.

"सही माझीच आहे," बाप म्हणाला. "कोरा अर्ज द्या. आणि एखादा रद्दी कागद."

कागद देऊन टायवाला हेल्मेटवाल्याला थोपवायला दाराकडे गेला. बापाने रद्दीवर सही केली. थरथरली. दुसरी केली, ती पहिलीहून वाईट. तिसरीला पेन कागदात घुसलं. उजवा हात मांडीवर ठेवून त्याने तो डाव्या हाताने दाबून धरला. त्याला स्वतःची लाज वाटत होती, लेकीला स्वतःची. तुम्हाला न सांगता द्यायची होती हो गाडी, म्हणून सवयीने हात गेला, असं तिला भडाभडा सांगून टाकायचं होतं. पण कसली सवय, असं त्याने विचारलं असतं म्हणजे झालं कल्याण.

"सावकाश करताय म्हणून कापतेय," शेवटी ती हळूच म्हणाली. "ही सही सावकाश होत नाही, बाबा. पहिलं अक्षर खालून उचलायचं आणि मधे ब्रेक मारायचाच नाही."

त्याने वर पाहिलंही नाही. रद्दीवर दोनदा तसं करून बघितलं. दुसऱ्या वेळी जमल्यासारखं झालं. दारातल्या माणसाने हेल्मेट डोक्यावर चढवलं. बापाने कोरा अर्ज ओढला, श्वास रोखला आणि पेन कागदावर सुसाट सोडलं. अक्षरं आली, तिरकी, ताठ. रेघ आली, जवळपास सरळ. रेघेखाली त्याने एक टिंब दिलं आणि पेन उचललं.

टायवाला परत येत होता. लेक बापाच्या कानाशी झुकली.

"बाबा," ती कुजबुजली. "दोन टिंबं."

"माहीत आहे," बाप म्हणाला. "आठवीच्या प्रगतिपुस्तकापासून माहीत आहे."

आणि त्याने दुसरं टिंब दिलं.