धोट्यानं तुटलेला दात

"दात नवे करा, पन पुढचा एक तुटका करा," नत्थूजी म्हणाले.

मधुकररावांनी हातातलं मेण खाली ठेवलं. इतवारीत दातांचा दवाखाना काढून त्यांना सात वर्षं झाली होती. कवळी पांढरीशुभ्र हवी, घट्ट हवी आणि उद्याच हवी, असं म्हणणारे म्हातारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. तुटका दात मागणारा हा पहिलाच.

"वरचा, डाव्या हाताचा," नत्थूजींनी हिरडीवर बोट ठेवलं. "तिरपा, अर्धा. लग्नाच्या साली विनताना मागावरून सुताचा धोटा उडाला न् तोंडावर बसला."

"लोक म्हणतील, डॉक्टरलेच काम येत नाही."

"म्हनू द्या."

नत्थूजी कोष्टी. पन्नास वर्षं माग चालवला, सूत दातानं तोडता तोडता दात झिजले. उरलेसुरले मागच्या दिवाळीला मधुकररावांनीच काढले होते. गाल आत गेले, हनुवटी नाकाला भेटायला निघाली.

माप घेण्याआधी डॉक्टर सवयीनं विचारपूस करत. रोग्याचा जबडा सैल पडतो, असा त्यांचा अनुभव होता.

"घरी कोण कोण असतं?"

"मी न् भागीरथा."

"लेकरं?"

"एक होता. श्रावन. सहा वर्षांचा असताना ताप चढला. तिले घरी ठेवून मीच त्याले मोठ्या दवाखान्यात नेलं. परत एकटा आलो. तीस वर्षं झाली. तिले ते सांगनं... तसं जड काम मी पुन्हा केलं नाही."

डॉक्टरांनी घाईनं मेण त्यांच्या तोंडात बसवलं.

पुढच्या खेपेला मात्र त्यांना राहवलं नाही. "तुटका दात काहून पाहिजे, नत्थूजी?"

"भागीरथा माह्याशी बोलत नाही."

"भांडण झालं?"

"भांडली असती तं बरं झालं असतं. दात काढले त्या दिवसापासून माह्यासमोर नाकापर्यंत पदर ओढते. ताट ठेवते, बांगड्या वाजवते न् दाराआड होते. मी चाटच पडलो. मंग एक दिवस आरशात पाहिलं, तं आत माहा बाप."

मधुकररावांनी हातातला आरसा खाली ठेवला.

"बाप जाऊन पंचवीस वर्षं झाली. त्याचंही तोंड असंच बसलेलं होतं. भागीरथाले दोन वर्षांपासून विसर पडून राहिला. नवं सारं गेलं, जुनं तेवढं राहिलं. ती मले मामाजी समजते, सासरा. सासऱ्यासमोर सून तोंड उघडते काय?"

"सांगायचं ना, मी नत्थू आहे म्हणून."

"सांगितलं. रडली बिचारी. मामाजीचं डोकं फिरलं, असं वाटलं असंल तिले." नत्थूजी हसायला गेले, पण ते हसू काही जमलं नाही. "सांजच्याले उंबऱ्यात बसते, रस्त्याकडं पाहत. मी दिसलो का उठून आत. दहा महिने झाले डाक्टर साहेब, मी तिचं तोंड पाहिलं नाही."

त्या आठवड्यात मधुकररावांनी बाकीची कामं मागं टाकली. दात त्यांनी स्वतः कानशीनं घासला. पहिला फार सरळ झाला, दुसरा फार आखूड. तिसरा तोंडात बसवल्यावर नत्थूजींनी त्यावरून जीभ फिरवली आणि आरसा हातातून सोडला नाही.

"हाच," ते म्हणाले. मग जरा ओशाळून म्हणाले, "तुम्हीही चला. एकट्यानं जायची हिंमत होत नाही."

दवाखाना लवकर बंद करून दोघे निघाले. चार दिवस मऊ खा, झोपताना कवळी पाण्यात ठेवा, असं डॉक्टर सांगत होते. नत्थूजींनी वाटेत फुटाण्यांची पुडी घेतली.

"पहिल्याच दिवशी फुटाणे?"

"माह्यासाठी नाही, तिच्यासाठी. तिचे दात शाबूत हायेत."

भागीरथा उंबऱ्यातच बसली होती. पावलं वाजताच तिचा हात पदराकडे गेला आणि ती उठायला लागली.

"अवं," नत्थूजी म्हणाले. आणि सारे दात दाखवून हसले.

तिचा हात तसाच राहिला. ती त्या तुटक्या दाताकडे पाहत होती. मग पदर तिनं आपणच मागं सारला. बारीक चेहरा, पांढरे केस, कपाळावर ठसठशीत कुंकू.

"तुम्ही आले," ती म्हणाली. न बोलून बोलून तिचा आवाज घोगरा झाला होता.

नत्थूजींनी मान हलवली आणि पुडी पुढे केली. मधुकररावांनी तोंड फिरवून चष्मा पुसला. इतकं चांगलं काम आपल्या हातून कधी झालं नव्हतं, असं त्यांना वाटलं.

भागीरथानं पुडी घेतली नाही. तिनं नत्थूजींच्या मागं पाहिलं, डॉक्टरांच्या मागं पाहिलं, आणि मग गल्लीच्या टोकापर्यंत पाहिलं.

"किती दिवस लावले," ती म्हणाली. "रोज वाट पाहून राहिली मी. मामाजीले कशी विचारू? श्रावनले कुठं ठेवून आले?"